मागच्या आजी

शाळेतल्या मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं मागच्या आजी. पुढे बसून गातात त्या गाणाऱ्या आजी, बाजूला तबला वाजवतात ते गाडीवाले काका आणि मागे तानपुरा मांडीवर घेऊन बसतात त्या मागच्या आजी. मुलांचा हिशोब सरळ असतो. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्न झाल्यापासून ती मागेच बसत आली होती, आणि मागे बसून जे ऐकू येतं ते पुढच्या खुर्च्यांवरच्या बड्या मंडळींच्या नशिबी नसतं, असं तिचं ठाम मत होतं. हे मत तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

एरवी ती कपडे शिवायची. शाळेपासून दोन सिग्नल पुढच्या गल्लीत तिचं दुकान, आणि दुकानामागेच घर. दोन मशीन, कापायचं एक लांब टेबल आणि भिंतीभर टांगलेले निळे गणवेश. शाळेचे निम्मे गणवेश तिच्या हातचे. तिला मुलांची नावं आठवत नसत, मापं आठवत. रस्त्यात एखादी मुलगी 'आजी' म्हणून हाक मारायची, की हिच्या डोक्यात आधी उभं राहायचं ते खांदा बारा, बाही आखूड, दरवर्षी वाढवून मागते. मग चेहरा. अशी माणसं असतात.

गाणं तिच्या आयुष्यात आलं ते नणंदेमुळे. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नणंद नवऱ्याहून धाकटी, अविवाहित, आणि तेव्हाच चांगलं नाव कमावलेली गायिका. सकाळी मधल्या खोलीचं दार लोटलं जायचं आणि आतून आवाज यायचा, की नव्या सुनेने हातातलं भांडंसुद्धा हळू ठेवायचं, हे तिला पहिल्याच दिवशी समजलं होतं. एकदा तानपुऱ्यावर बसणारी शिष्या तापाने झोपली. नणंदेने खोलीतूनच हाक मारली, की वहिनी, मशीन चालवतेस तर बोटंही फिरवशील, ये इकडे.

ती गेली. भोपळा मांडीपाशी टेकवला, दांडी खांद्याला लावली. नणंदेने तारा जुळवून दिल्या आणि कशी छेडायची ते दाखवलं. ही आपली एकामागून एक चार तारा छेडत राहिली. पहिल्यांदा नुसत्या तारा ऐकू आल्या. मग हळूहळू खोलीत आणखी एक आवाज आला. तो चारांपैकी कुठल्याच तारेचा नव्हता. वर कुठेतरी, छताजवळ, कुणीतरी तोंड मिटून गात असावं तसा. तिने खिडकीकडे पाहिलं, शेजारच्या गच्चीकडे पाहिलं.

"वन्सं, हे कोण गातंय?" तिने विचारलं.

नणंद हसली. म्हणाली, कुणी नाही, तारा खऱ्या लागल्या की तो सूर आपोआप येतो, त्याला बोलवावं लागत नाही.

ही त्या दिवशी जी चक्रावली ती चक्रावलीच. संसार झाला, मुलगी होऊन सासरी गेली, डोळ्यांना जाड चष्मा लागला, पण चार तारांतून पाचवा सूर उगवतो या गोष्टीचं नवल काही ओसरलं नाही. शिष्या बरी होऊन परत आली तेव्हा तिला गायला मोकळं केलं गेलं आणि तानपुरा वहिनीकडेच राहिला. पुढे लावायलाही तीच शिकली. खुंटी पिळायची, तारेत ओवलेला मणी सरकवून केसाएवढा फरक काढायचा, आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून आवाज खुलवायचा. दोरा अर्थातच दुकानातला. कितीही मोठ्या सभागृहात कार्यक्रम असो, वन्संच्या तानपुऱ्याच्या तारांखाली शाळेच्या गणवेशाचा निळा दोरा असायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी या घरात कुणी कधी बोललं नाही. नणंदेची पट्टी, म्हणजे तिचा 'सा' पेटीच्या ज्या स्वरावर असतो ती जागा, तरुणपणी काळी पाच होती. बायकांच्या गळ्यात ही उंच पट्टी. त्या पट्टीतला नणंदेचा वरचा 'सा' ऐकायला माणसं लांबून यायची. पण गळा काय, गुडघे काय, वय कुणाला सोडत नाही. एका वर्षी वहिनीला मागे बसल्या बसल्या जाणवलं, की वरच्या 'सा'ला जाताना वन्संच्या मानेची शीर ताठ होते आहे. दुसऱ्या दिवशी तिने तानपुरा किंचित उतरवून लावला. नणंद येऊन बसली, 'सा' लावला, क्षणभर थांबली आणि गायला लागली. झालं. काही वर्षांनी आणखी थोडा उतरवला. काळी पाचवरून शेजारची पांढरी आली, पांढरीवरून काळी चार. या घरात टीव्हीच्या रिमोटवरून भांडणं झाली, ओला टॉवेल कुणी पलंगावर टाकला यावरून अबोले झाले, पण पट्टीचा विषय कुणी काढला नाही. तानपुरा लागत असताना नणंद त्या खोलीत नसे, आणि नणंद आल्यावर वहिनी खुंटीला हात लावत नसे. एवढाच काय तो नियम, आणि तो दोघींनी जिवापाड पाळला.

शाळेत गाणं सुरू झालं ते मुख्याध्यापिकाबाईंच्या हट्टामुळे. बाई गणवेशाच्या कापडाचे नमुने बघायला दुकानात आल्या होत्या, मागच्या खोलीतून नणंदेचा रियाज ऐकला आणि हातातलं कापड तसंच धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमची मुलं हे पडद्यावर बघतात, एवढ्याशा चौकोनात. माणूस समोर बसून गातो म्हणजे काय होतं ते त्यांना ऐकू दे, महिन्यातून एकदा या. नणंदेलाही ते पटलं. बाहेरचे कार्यक्रम तोवर आटत आले होते. शिष्या आपापल्या गावी आणि संसारात गेल्या होत्या.

पहिला कार्यक्रम सपशेल पडला. नणंदेने डोळे मिटून सावकाश आलाप सुरू केला आणि चौथीच्या रांगेत जांभया सुरू झाल्या. एका पोराने गाणाऱ्या आजींसारखे हवेत हात फिरवून दाखवले आणि अख्खी रांग तोंडावर हात ठेवून हलायला लागली. तबलजींनी वेळ सावरली. ते दिवसा चष्म्याच्या दुकानात बसायचे, मुलांच्या नाकावर फ्रेमा बसवून बसवून त्यांना मुलं कळत होती. त्यांनी तबल्यावर आगगाडी सोडली. आधी हळू, मग वेगात, मग पुलावरून. मुलं वेडी झाली. तेव्हापासून ते गाडीवाले काका.

तिथून घसरण सुरू झाली, असं नणंदेचं म्हणणं. गाडीच्या जोडीला पक्ष्यांचे आवाज आले, मग 'ओळखा पाहू' आलं, बरोबर ओळखणाऱ्याला पेन्सिल. गाणं आक्रसत आक्रसत शेवटच्या काही मिनिटांवर आलं, आणि तेव्हा मुलं डबे शोधायला लागलेली असत. तानपुरा तर नावालाच. वहिनी तो खेळाच्या सामानाच्या खोलीत, गाद्या आणि चेंडूंच्या जाळीमध्ये बसून आधीच लावून आणायची. तारा जुळवण्याची किरकिर मुलांना कशाला ऐकवायची, असं दोघींचं मत. आणि दुसरं कारण तर तुम्हाला ठाऊकच आहे.

मागच्या महिन्यात घरी आल्यावर नणंद सोफ्यावर बसली ती पदर न सोडवता तशीच बसून राहिली. म्हणाली, "वहिनी, मी गायिका आहे की जादूचे प्रयोग करणारी?" मग आवाज न चढवता सांगितलं, की एक कार्यक्रम कबूल केला आहे तेवढा करायचा आणि तानपुऱ्याला गवसणी घालून ठेवायची. कायमची. रियाजाला हल्ली ती यंत्राचा तानपुरा लावायची, दार बंद करून. त्याचंही बटण आता दाबायला नको, म्हणाली.

वहिनीने मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. तिला रडू आलं नाही, भीती वाटली. वन्सं गायच्या थांबल्या तर ही तानपुरा लावणार कुणासाठी? गाणारं कुणी नसताना एकटीने तारा छेडत बसणं म्हणजे रिकाम्या घराची बेल वाजवत राहणं. तिला स्वतःला गाता येत नव्हतं, कधी यावं असंही वाटलं नव्हतं. तिला फक्त त्या पाचव्या सुराशेजारी बसायचं होतं. ते गेलं की मागे उरणार होत्या बाह्या आणि बटणं.

शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी नवऱ्याने दोघींना गाडीने सोडलं. नवरा स्वभावाने सोनं, पण कानाने दगड. बहीण एवढी मोठी गायिका असून त्याला आगगाडीची शिट्टी आणि तिचं गाणं यांतला फरक लांबीवरून कळायचा. तो गाडीतच थांबला.

वहिनीने सभागृहाचं दार उघडलं. मुलं आधीच येऊन बसली होती. हॉल दुपारी परीक्षेला हवा म्हणून कार्यक्रम पहिल्या तासाला घेतला होता, आणि निरोप द्यायचा राहून गेला होता; तारा लावायला म्हणून दोघी लवकर निघाल्या, तेवढंच नशीब. सामानाच्या खोलीला कुलूप. चावी खेळाच्या सरांकडे आणि सर मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुख्याध्यापिकाबाई ओशाळून म्हणाल्या, की आता सुरूच करता का. माइकची वायर तुटकी निघाली म्हणून संगणकाचे सर दुसरी आणायला पळाले.

"लाव इथेच," नणंद म्हणाली, आणि मुलांकडे तोंड करून, हिच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसली. लवकर आटपून घरी जायचं, एवढंच त्या पाठीवर लिहिलेलं होतं. तबलजींनी हळूच विचारलं, तोवर गाडी सोडू का. तिने मानेनेच नको म्हटलं.

वहिनीने गवसणी काढली. भोपळा बघून पुढच्या रांगेत खसखस पिकली. गाडीत ऊन लागून आणि वर पंख्याचा वारा, तारा पार विस्कटल्या होत्या. तिने दांडीला कान लावला आणि पहिली खुंटी पिळली. खुंटी कुरकुरली. झालं, मुलांना खेळणं मिळालं. पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत सगळीकडून खुंट्या कुरकुरायला लागल्या. वहिनीचे कान तापले. इतक्या वर्षांत तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. मागे बसणाऱ्याकडे कोण बघतं? आणखी हसं नको, म्हणून तिने तार अगदी हळू छेडली.

हळू छेडली म्हणून ती मागच्यांना ऐकू आली नाही. मागचे पुढच्यांना म्हणाले, गप्प बसा रे. पुढचे वळून मागच्यांना म्हणाले, तुम्ही गप्प बसा. अशा भांडणातून थोडी शांतता झाली. तेवढ्यात तिने घोडीवरचा दोरा तारेखाली केसभर सरकवला आणि बसका आवाज एकदम उघडला, घमघमला, लांबला.

पुढच्या रांगेत एक मुलगी होती. खांदा बारा, बाही आखूड. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"आजी, आत्ता काय केलं तुम्ही?"

"दोरा सरकवला."

"कसला दोरा?"

"तुझ्या बाहीचा," वहिनी म्हणाली, आणि घोडीवरचं निळं टोक दाखवलं.

मुलीने आपल्या बाहीच्या शिवणीकडे पाहिलं. शेजारच्यांनी आपापल्या बाह्या पाहिल्या. पाहता पाहता अख्खा हॉल आपले गणवेश उलटून शिवण बघायला लागला, आणि मग सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. परत करा ना, असं कुणीतरी म्हणालं. तिने दोरा मागे घेतला, आवाज मिटला. पुढे सरकवला, आवाज उघडला. आता कुणी हसलं नाही.

मग दुसरी तार. दोन्ही तारा एकाच सुराच्या, पण दुसरी त्या सुरापासून अजून लांब होती. दोन तारा जवळ यायला लागल्या की आधी एक थरथर ऐकू येते. जितक्या जवळ, तितकी ती सावकाश होत जाते, आणि जुळल्या की विरून जाते. वहिनीला ती थरथर ऐकू यायला काही वर्षं लागली होती. तिने मणी हलकेच खाली दाबला. थरथर सावकाश झाली. आणखी सावकाश. तिने श्वास धरला आणि तिच्या लक्षात आलं, की हॉलमध्येही कुणी श्वास घेत नव्हतं.

"जुळली," मागच्या कुठल्याशा रांगेतून आवाज आला. अगदी ज्या क्षणी जुळली त्याच क्षणी.

वहिनीने मण्यावरचा हात काढला. तिने चष्म्यावरून पाहिलं. ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही म्हणून पेन्सिली वाटत होतो, ती ही मुलं. तिला एकदम वाटलं, की आपण यांच्यापासून काय लपवून ठेवत होतो? त्या कोंदट खोलीत, चेंडूंच्या जाळीला ऐकवत होतो, तेच तर खरं होतं. आणि त्या भरात ती विसरली, की आपण तानपुरा कुणासाठी लावतो आहोत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विसरली.

कारण हॉलमध्ये कुठूनसा एक गुणगुणता सूर सुरू झाला होता. तोंडं मिटलेली. कोण करतंय ते कळत नव्हतं, बहुधा करणाऱ्यांनाही कळत नसावं. तारेशी तो जवळजवळ जुळत होता, फक्त किंचित वर होता. वहिनीच्या कानाला ते अंतर खपेना. तिने तार थोडी चढवली. गुणगुण तारेबरोबर चढली आणि पुन्हा किंचित वर जाऊन बसली. तिने आणखी चढवली. मुलं तिच्या मागे आणि ती मुलांच्या मागे, असा तो सूर वर वर गेला आणि एका जागी येऊन दोघांनाही गोड वाटला. तिथे तिने दुसरी तार जुळवली, मग पंचमाची, मग जाड खर्जाची. खर्जाची तार करकरली, पण तुटली नाही. मग तिने दोरे पुन्हा एकदा सारखे केले आणि चारही तारा सलग छेडल्या.

हॉल भरला. गुणगुण थांबली. वर, पंख्यांच्याही वर, तो आला.

खांदा बारा, बाही आखूड हिने वर छताकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं.

"मागच्या आजी," ती कुजबुजली, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "कोण गातंय?"

वहिनी तारा छेडत राहिली. आणि त्याच वेळी तिच्या कानाने तिला खबर दिली, की हा 'सा' काळी चार नाही. ही काळी पाच आहे.

समोर नणंदेची पाठ हळूहळू ताठ झाली. म्हणजे कळलं होतं. आणि मग नणंद वळली. मैफलीत गायक मागे वळून बघतो तो बेसूर तानपुऱ्याला झापायला, असा संकेत आहे. नणंदेवर ती वेळ आजवर आली नव्हती. वहिनीने घाईघाईने खुंटीला हात घातला. एवढ्या मुलांसमोर, शेवटच्या दिवशी, वन्संचा आवाज वरच्या 'सा'ला चिरकणार आणि तो आपल्यामुळे, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. पण तिची तानपुऱ्यावरची बोटं थांबली तशी हॉलमधली गुणगुण परत सुरू झाली, त्याच सुरावर. मुलांनी तो धरून ठेवला होता. तो खाली आणायचा म्हणजे त्यांच्या हातातून काढून घ्यायचा.

नणंदेने खुंटीवरचा हात पाहिला. मग मुलांकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली.

आणि गायला लागली. ना नमस्कार, ना पक्षी, ना 'ओळखा पाहू'. नुसता सकाळचा राग बिलावल, ज्यात कुठलाही आडवळणी सूर नाही. पहिला 'सा' तिने लावला तो मुलांच्या गुणगुणीत मिसळून, कुठे त्यांचा संपला आणि कुठे तिचा सुरू झाला ते समजू नये असा. तबलजींनी हात मांडीवर ठेवले होते आणि ते तिथेच राहिले. दारात संगणकाचे सर वायर घेऊन आले, तर मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या दंडाला धरून थांबवलं. माइकविना, एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईचा आवाज, सगळ्या भिंतींना जाऊन लागत होता. थोडा जाडसर झालेला, कडेला झिजलेला, पण आतून लख्ख. वहिनी त्या आवाजाच्या मागे आयुष्यभर बसली होती आणि तरी तिला वाटलं, आज पहिल्यांदाच ऐकते आहे.

एकेक पायरी घेत नणंद वर निघाली. गंधारावर रेंगाळली, पंचमावर विसावली. धैवत. पुढे निषाद, आणि निषादाला लागून वरचा 'सा'. निषाद असा सूर आहे की तिथे थांबताच येत नाही. पाय उचललेला असतो, तो टेकवावाच लागतो. मागून वहिनीला मानेची शीर दिसली, दोरीसारखी ताणलेली. निषाद लागला. आवाज बारीक झाला, काठावर कापला, पण ढळला नाही. नणंद तिथे उभी राहिली. पुढची जागा तिला ऐकू येत होती, दिसत होती, आणि गळा तिथवर जाणार नव्हता. तिने चिरकू दिलं नाही. तिने तोंड मिटलं.

नुसता तानपुरा वाजत राहिला. तो निषाद हवेत तसाच, पाय उचललेला. वहिनीने डोळे मिटून घेतले. माझ्यामुळे, माझ्यामुळे, एवढंच तिच्या मनात चाललं होतं, आणि बोटं मात्र आपसूक तारा छेडत होती.

खिडकीकडून एक बारीक आवाज आला. अगदी छोट्या मुलाचा किंवा मुलीचा, सांगता येऊ नये असा. वरचा 'सा'. तो एकटाच होता, क्षणभर, आणि मग त्याच्याशेजारी दुसरा आला. मग रांग. मग सगळा हॉल. कुणी खूण केली नव्हती, कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं तिथे थांबवत नव्हतं म्हणून मुलांनी पाय टेकवला होता. ज्या सुरासाठी माणसं लांबून यायची तो काळी पाचचा वरचा 'सा', तोच, शंभर गळ्यांतून, इतका सोपा आणि इतका स्वच्छ, की वहिनीला आपण बसलो आहोत की उचलले गेलो आहोत ते कळेना. चार तारांतला पाचवा सूर इतके दिवस तिला मोठं नवल वाटत आला होता. हे त्याहून मोठं होतं.

नणंद रडत होती. लपवत नव्हती. मुलांचा श्वास संपला तसा सूर हळूहळू विरला आणि टाळ्या वाजल्या नाहीत, कारण वाजवायच्या असतात हे कुणाला आठवलंच नाही. तबलजी चष्मा पुसत होते, आणि चष्म्याच्या दुकानदाराला तो नीट पुसता येत नव्हता. बऱ्याच वेळाने तिसऱ्या रांगेतल्या एकाने हात वर करून चाचरत विचारलं, की आज गाडी नाही का. सगळे हसले. नणंद पदराने डोळे टिपत म्हणाली, सोडा हो गाडी, पोरांचा हक्क आहे. आणि मग गाडी अशी सुटली की पूल संपता संपेना.

परतताना गाडीत दोघी मागच्या सीटवर बसल्या होत्या, मध्ये तानपुरा. नवऱ्याला शांतता झेपत नसे. तो म्हणाला, की आज पोरं फारच मोकाट सुटलेली दिसली, मध्येच सगळी मिळून एकसुरात काय ओरडली, फाटकापर्यंत ऐकू आलं. त्यावर दोघी इतक्या हसल्या की त्याने आरशात दोनदा पाहिलं.

हसणं ओसरल्यावर वहिनीने तानपुऱ्याच्या गवसणीची नाडी उगाचच सोडली आणि परत बांधली. मग म्हणाली, "चुकले, वन्सं. कुठे चढत गेले ते माझं मलाच कळलं नाही."

"किती वर्षांनी काळी पाच ऐकली," नणंद खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तू उतरवत गेलीस ना, ते मला दर वेळी कळलं होतं."

"कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस?"

सिग्नलला गाडी थांबली, सुटली. दुकानाची गल्ली आली. नवऱ्याने गाडी कडेला घेतली आणि तानपुरा उतरवायला दार उघडलं. भोपळा आधी नणंदेनेच हातात घेतला, एरवी ती कधी घेत नसे, आणि वहिनी उतरेपर्यंत धरून उभी राहिली.

"पुढच्या महिन्यात त्या सामानाच्या खोलीत जाऊ नकोस," ती म्हणाली. "तिथेच लाव, त्यांच्यासमोर."

वहिनीने तानपुरा घेतला, छातीशी धरला. इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते तिने विचारलं.

"पट्टी कुठली लावू?"

नणंदेने थोडा विचार केला.

"मुलं येऊन बसली की बघू," ती म्हणाली.